सूक्ष्मशस्त्रक्रियेचा पाया प्रयोगशाळेत

महोदय,
तुटलेले बोट पुन्हा जोडल्याची बातमी आली की ‘चमत्कार’ हा शब्द हमखास छापला जातो. त्यामागची चिकाटी मात्र झाकोळते. कॅलिफोर्नियाचे शल्यविशारद हॅरी बंकी यांनी 1960च्या दशकात घराच्या गॅरेजमध्येच प्रयोगशाळा थाटली होती. सशाचा कापलेला कान पुन्हा जोडायचा, तर जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवाव्या लागत. टाका किंचित चुकला की गुठळी होई आणि सगळी मेहनत वाया जाई. इतक्या बारीक सुया आणि धागे तेव्हा तयार मिळतही नसत. पत्नी कॉन्स्टन्स, त्याही डॉक्टरच, या कामात त्यांच्या सोबत होत्या. सशानंतर माकडाच्या पायाचा अंगठा हाताला जोडण्यात त्यांना यश आले. जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी 1965 मध्ये माणसाच्या हाताचा पूर्ण तुटलेला अंगठा जोडला, तर ब्रिटनमध्ये जॉन कॉबेट यांनी 1968 मध्ये पायाचा अंगठा हातावर बसवला. अंगठा गेला की हाताची पकडच जाते, म्हणून हे काम मला फार मोलाचे वाटते. तरुण शल्यविशारदांना प्रयोगशाळेतल्या सरावासाठी हक्काचा, पगारी वेळ मिळायलाच हवा. शस्त्रक्रियांच्या संख्येवरच त्यांची पारख करणे थांबवावे.
– एक वाचक