आई-बाबांना: छोटी आखाजीला येईल तेव्हा

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा आई फोनवर म्हणाली, "बाळासाठी दुधाच्या पावडरचा डबा आणून ठेवू का गं, ऐनवेळी धावपळ नको." तेव्हा उपकेंद्रात लसीकरणाची गर्दी होती, म्हणून नुसतं "थांब" म्हटलं. आता सविस्तर लिहिते. फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत केळीच्या भावावर जातं.

डबा आणू नका. बाटली तर नकोच. माळ्यावरचं बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलंही तिथेच राहू द्या. छोटी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येईल ती बाळंतपण होईपर्यंत राहील, आणि तारीख मेच्या शेवटची आहे. आईची खरी काळजी मला कळते: आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत बाळाचा घसा कोरडा पडेल, दोन चमचे पाणी द्यायला काय हरकत? हरकत आहे. अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळ जास्त वेळा मागतं आणि तहान त्यातच भागते. वरून पाजलेलं पाणी एवढंसं पोट भरून टाकतं, बाळ ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध कमी होतं. शिवाय मे-जूनमध्ये आपल्या नळाला कसलं पाणी येतं ते बाबांना मी सांगायला नको. पाणी छोटीला प्यायला द्या, भरपूर. बाळाला सहा महिने काही नको: मध नाही, घुटी नाही, साखरपाणी नाही, ग्राइप वॉटर नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब तेवढे चालतील.

चिकाबद्दल मात्र बाबांनीच आईला समजवावं. म्हैस व्याली की पारडाला पहिला चीक पाजल्याशिवाय तुम्ही कोणाला धार काढू देत नाही, खरवसाला शेजारणीने कितीही मागितला तरी. मग आपल्याच घरात लेकीचा पिवळा चीक "जड पडतो" म्हणून पिळून टाकायची पद्धत कुठून आली? पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं. चीक तेवढाच येतो, आणि तेवढाच पुरतो.

आता माझ्या रोजच्या कामातलं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत, पण पहिल्या तासात छातीशी लावलेली बाळं ४१.८ टक्केच. म्हणजे दवाखान्यात नेलं की काम झालं असं नाही. बाळ पुसायचं, वजन करायचं, नातेवाइकांना दाखवायचं, यात तो तास जातो. छोटीचं सिझर झालं तरी शुद्धीत असेल तर बाळ तिच्याजवळ देता येतं, फक्त कोणीतरी मागायला हवं. आई, तू माग. सिस्टर कामात असतील, रागावतील, तरी माग.

त्याहून अवघड काळ पुढे येतो. दूध खऱ्या अर्थाने उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर बाळंतीण बहुतेक वेळा घरी आलेली असते. छाती दगडासारखी होते, बाळ रात्रभर रडतं, आणि ओसरीवर बसलेल्या बाया सांगून मोकळ्या होतात, "पोरले दूध पुरस नही." हे वाक्य मी इथे इतक्या घरांत ऐकलंय की दारातूनच ओळखू येतं. ते खरं असण्याची वेळ फार क्वचित येते. बाईला मात्र ते लगेच खरं वाटतं, कारण तिला झोप नसते आणि टाके दुखत असतात.

तपासायचं असेल तर रडण्यावरून तपासू नका, लंगोटावरून तपासा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. त्याला घाबरायचं नाही.

आणि पाजताना छोटी कशी बसते ते बघ. गेल्या आठवड्यात पाड्यावरची एक पोरगी आली, दोन्हीकडे चिरा, पाजताना दात-ओठ खात होती. सासू म्हणे, हिचं दूधच लागत नाही. बघितलं तर बाळाची मान वळलेली आणि तोंडात नुसतं बोंड. बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं, नाकासमोर बोंड धरलं, त्याने जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत वाट पाहिली आणि मग जवळ घेतलं. हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसू लागला. मग गटक, गटक असा गिळण्याचा आवाज यायला लागला. त्या पोरीचे खांदे खाली आले. औषध एक रुपयाचं लागलं नाही.

हे घरी येऊन दाखवणारी आपल्या गावची आशाताई आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायला हवी. पण छोटी माहेरची, तिची नोंद सासरच्या गावी. म्हणून बाबा, छोटी आली की त्याच आठवड्यात माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन आपल्या आरोग्य केंद्रात नाव लावून या. नाहीतर दोन्ही गावांच्या आशांना वाटतं, दुसरी बघतेय.

दादाच्या मोठ्याच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना? दुसऱ्याच दिवशी एका खासगी दवाखान्यात वहिनीच्या हातात पावडरचं नाव लिहिलेली चिठ्ठी दिली. दुधाच्या पावडरीची जाहिरात, फुकट नमुने, दवाखान्यातून प्रचार, या सगळ्याला १९९२च्या कायद्याने बंदी आहे. तरी चिठ्ठी आली. मग एक बाटली, मग दोन, वहिनीचं दूध महिनाभरात आटलं, आणि पावसाळ्यात हगवणीने पोराला सलाइन लावायची वेळ आली. वहिनीला अजून वाटतं, दोष तिच्या अंगाचा होता. तुम्ही दोघांनी तिला एकदा तरी सांगा की नव्हता. मी सांगून ती ऐकत नाही.

मेथीचे, डिंकाचे लाडू कर, हळीव कर, बाजरीची भाकरी वाढ, छान आहे. फक्त डाळ, भाजी, फळं बंद करू नकोस. बाळाला ताप आला, ते सुस्त पडलं, ओढेनासं झालं, किंवा छोटीची छाती लाल होऊन ताप चढला, तर रात्र काढायची नाही, १०८ लावायचा. छाती नुसती भरून दुखली तर हाताने थोडं काढायचं आणि पाजत राहायचं. बाळ कधी ओढू शकलं नाही तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायचं.

बाबा, तुमच्याकडे कूलरचं काम आहे. गवत बदला, टाकी घासा, वारा सरळ बाळावर येणार नाही असा कोनात लावा. बघायला येणाऱ्यांना बाहेर ओसरीवर चहा द्या, आत पाठवू नका. मी आखाजीच्या आदल्या दिवशी शिरपूरहून चोपड्यावरून निघते. यावलला उतरल्यावर फोन करते, मोटारसायकल घेऊन या.

तुमची,
मोठी