टूर्निकेट घेताना दांडी तपासा

महोदय,

टूर्निकेट म्हणजे हातापायाच्या जखमेतून जोरात वाहणारे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा. रक्त काढताना दंडाला बांधतात ती रबरी पट्टी टूर्निकेट म्हणून प्रथमोपचार पेटीत ठेवू नये. तिचे काम शिरा फुगवण्याचे. कडबाकुट्टीत हात सापडला आणि ती बांधली, तर शिरा दबतात पण धमनी चालूच राहते. रक्त हातात येत राहते, परतीची वाट बंद होते आणि जखम जास्तच वाहते. सैल राहिलेल्या कुठल्याही टूर्निकेटचे हेच होते. सुतळी किंवा वायर तर कातडी आणि नसा चिरडते.

पेटीत दांडी पिळून आवळायचे टूर्निकेट हवे. ‘कॅट’ आणि ‘सॉफ्ट-डब्ल्यू’ ही अशा टूर्निकेटची दोन मॉडेल. ‘कॅट’चा पट्टा सुमारे ४ सेंमी रुंद असतो आणि स्वतःच्या हाताला एका हाताने लावता येतो. ‘सॉफ्ट-डब्ल्यू’ची दांडी धातूची. तिचे बक्कल सुटते, त्यामुळे यंत्रात अडकलेल्या पायाभोवतीही पट्टा घालता येतो. ‘स्वॉट-टी’ ही रुंद रबरी पट्टी बारीक हातापायांनाही बसते, पण रक्ताने ओली झाली की निसटते आणि एकट्याला ती ताणणे अवघड. पहिली निवड म्हणून आम्ही ती सुचवणार नाही.

‘कॅट’च्या हुबेहूब नकला स्वस्तात मिळतात, त्यांपासून फार जपायला हवे. त्यांची दांडी ऐन शेवटच्या पिळाला वाकते किंवा मोडते. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी.

जखमेच्या ५ ते ७ सेंमी वर, धडाच्या दिशेने, सांधा टाळून पट्टा घाला. दांडीला हात लावण्याआधी पट्टा जोर लावून ओढा. बहुतेक चुका इथेच होतात: पट्टा ढिला राहिला की दांडी कितीही फिरवली तरी दाब येत नाही. रक्त थांबेपर्यंत पिळा, दांडी खाचेत अडकवा, वेळ लिहा. रुग्ण कळवळेल, तरी सैल करू नका. रक्त थांबलेच नाही, तर पहिल्याच्या वरच्या बाजूला दुसरे लावा. १०८ ला फोन लगेच करा. २ तासांच्या आत रुग्णालय गाठायला हवे.

मान, काख, जांघ इथे टूर्निकेट चालत नाही. स्वच्छ कापड जखमेत ठासून दोन्ही हातांनी दाबून धरावे. सर्पदंशाला टूर्निकेट कधीही बांधू नये.

सरावाचे टूर्निकेट वेगळे ठेवा, कारण वारंवार पिळून पट्टा आणि दांडी कमजोर होतात. पेटीतले मात्र वेष्टनातून काढून, लगेच लावता येईल असे घडी घालून ठेवा.

— प्रथमोपचार प्रशिक्षकांचा एक गट