अण्णा, चार घरं फिरून आले

ती. अण्णा व आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं. अण्णांना निम्मं ऐकू येत नाही आणि आई मध्येच फोन घेऊन 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून देते. म्हणून लिहिते आहे. दादा, सावकाश वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस. गाळावंसं वाटेल अशी एक जागा आहे, तीसुद्धा वाच.

सिद्धनाथाचा रथ झाला आणि दुसऱ्या दिवशी मी म्हसवडवरून गावी गेले. कुलूप गंजलंय. खोबरेल तेल सोडून अर्धा तास खटपट केली तेव्हा कुठे उघडलं. घर बरं आहे. मागच्या पडवीचा एक पत्रा सरकलाय, त्यावर तूर्तास दगड ठेवून घेतला. यंदा शाळू चांगला उभा आहे. उरमोडी धरणाचं पाणी ओढ्याला दोनदा येऊन गेलं म्हणे.

अण्णा, सांत्वनाला जायचं म्हणून तुम्ही कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दिलेली चार घरं मी त्याच क्रमाने केली. वेशीत अजून तिघांचे फ्लेक्स लटकताहेत. मजकूर तिन्हींवर एकच, 'वृद्धापकाळाने दुःखद निधन', खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो. गेलेल्या माणसापेक्षा वाहणाऱ्यांनीच जागा जास्त घेतली आहे. पोस्टातल्या तात्यांचा फोटो कुणाच्या तरी लग्नातून कापलेला आहे. डोक्याला गुलाबी फेटा, आणि खांद्यावर दुसऱ्याच माणसाचा हात. तो हात कापायचा राहून गेला.

पहिलं घर तात्यांचंच. त्यांची राख माणगंगेत नेली नाही. बांधाला खड्डा काढून त्यात घातली आणि वर केशर आंबा लावला. हल्ली बरेच जण असं करतात. मला पटलं. आई, तुला पटायचं नाही, ठाऊक आहे.

काकी ओसरीतच बसल्या होत्या, जिथे पूर्वी पोस्ट होतं तिथेच. तारखेचा शिक्का मारून मारून त्या लाकडी फळीला जो खळगा पडला होता, तो अजून आहे. मी बोट घालून बघितलं. तीस-पस्तीस वर्षं टपाल वाहिलं माणसाने, पण खात्याच्या लेखी कायमचा नोकर नव्हता, त्यामुळे पेन्शन नाही. काकींना त्याचं काही वाटत नाही. त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच.

म्हणाल्या, "तुज्या आईनं सांगितलं न्हाई व्हय कधी? संपातलं?"

आता दादा, नीट वाच. आई आम्हाला लहानपणापासून सांगत आली की गिरण्यांचा संप झाला तरी अण्णांची मनीऑर्डर एक महिना चुकली नाही. दादाने तर हे त्याच्या लग्नात भाषण करून सांगितलं होतं. परवा काकी म्हणाल्या, संप लागला 18 जानेवारी 1982 ला, आणि होळीनंतर आमच्या घरी दिवाळीपर्यंत एक पैसा आला नव्हता. मुंबईत अडीच लाख माणूस घरी बसलेला, त्यात अण्णाही. गावकीच्या खोलीचं भाडं थकलेलं आणि दादरला दुसऱ्याच्या पाटीवर भाजी विकत होतात तुम्ही. पाठवणार कुठून?

तात्या मात्र दर महिन्याला येत राहिले. सायकल उंबऱ्याला टेकवायची, पिशवी काढायची, पाणी मागायचं. आजी आतून विचारायची, "आलं का रं पोराचं?" मग तात्या मनीऑर्डरच्या फॉर्मखालचा जुना, कधीचा तरी फाडून ठेवलेला कागदाचा तुकडा काढून मोठ्याने वाचायचे, 'इकडील सर्व खुशाल, काळजी करू नये.' शेजारच्या दोन घरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आई अंगठा केल्यासारखं करायची. मग संध्याकाळी घरी जाऊन तात्या काकींना म्हणायचे, "आजबी नुसतं पाणी पिऊन आलो."

त्या दिवसांत आई बंडिंगच्या, बांध घालायच्या कामावर जायची. आजीला सांगायची, घरात बसून करमत नाही म्हणून जाते. दिवसभर दगड उचलून करमणूक!

अण्णा, तुम्ही त्या साली दिवाळीला गावी आला नाहीत. पैसे नव्हते हे एक, पण गावाला तोंड कसं दाखवू असंही म्हणाला होतात, हे आईनेच मागे एकदा सांगितलं होतं. गावात कुणालाच कळलं नव्हतं. तुम्ही आला असतात तर चाललं असतं.

मिलवाल्या आबांच्या घरी फार वेळ बसले नाही. घरात कार्य आहे, गडबड होती. फ्लेक्सवर त्यांना 'गिरणी कामगार नेते' करून टाकलंय. अण्णा, तुम्ही हसाल. साचेखात्यातला, मागावरचा बदली कामगार माणूस, सभेला गेला तरी मागे उभा राहायचा आणि चहाची वेळ झाली की निघायचा, असं तुम्हीच सांगायचात. म्हाडाच्या घरासाठी भरलेल्या अर्जाची पावती त्यांच्या उशाखाली सापडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोऱ्याने बांधलेली. नातू मला विचारत होता, वारसाच्या नावावर होतं का म्हणून. मी म्हटलं साताऱ्याला चौकशी करून कळवते.

तिसरं घर घोंगडीवाल्यांचं. तुम्ही पाकिटात घालून दिलेले पाचशे रुपये मी काढून पुढे ठेवले आणि तुमचा निरोप सांगितला, की घोंगड्याची बाकी राहिली होती, ती मनाला लागून राहिली आहे. सूनबाईंनी पैसे घेतले नाहीत, उलट फळीवरून वही काढली. लाल पुठ्ठ्याची, कडा उंदराने खाल्लेल्या. म्हाताऱ्यांनी लिहिलेलं सगळं होतं त्यात: कोणत्या धनगराकडून लोकर किती आणली, सूत कुणी काततंय, चिंचोके किती शेर. तुमचं पानही सापडलं. 'मिलवाला धाकटा, घोंगडं 1, बाकी 40.' त्यावर आडवी रेघ आणि पुढे लिहिलंय, 'दोन कोंबड्या आल्या. फिटलं.'

आई, त्या दोन कोंबड्या मुंगसाने नेल्या असं तू सांगितलं होतंस. आठवतंय मला, मी रडले होते.

तेव्हा अण्णा, चाळीस वर्षं जे कर्ज डोक्यावर घेऊन बसलात ते नव्हतंच. पैसे परत आणले आहेत.

त्यांच्या मागाचा खड्डा बुजवला. वर फरशी घातली आणि तिथे आता नातवाची मोटरसायकल उभी असते. तो आयती घोंगडी घेऊन फोनवरून विकतो, पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं आहेत. वाईट नाही चाललं त्याचं. पण शाळेतून येताना त्या आळीत शिरलं की सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजल्याचा जो आंबूस वास यायचा, तो नाही. मी उगीच दोन-तीनदा नाक ओढून पाहिलं. म्हातारे ताण्यावर, ताणलेल्या उभ्या धाग्यांवर खळ मारत असले की आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायचे नाहीत, धूळ बसते म्हणून. लांबून बघायचं, आणि कुंचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात गेला की ते आमच्याकडे बघून भुवई उडवायचे. तेवढ्यासाठी आम्ही उभे असायचो.

आता चौथं घर. दादा, गाळावंसं वाटेल ती जागा हीच.

सुईण आजी नव्वदीच्या पुढे होती. अण्णांच्या यादीत ती शेवटी का, हे मी विचारत नाही. दादा आणि मी दोघंही तिच्या हातचे. तिच्या सुनेने मला ती सरकारी पेटी दाखवली, दाईच्या प्रशिक्षणाला गेली होती तेव्हा मिळालेली अॅल्युमिनियमची. आत कात्री, एक ब्रश, वेखंडाचा वाळलेला तुकडा. तिने किती बाळंतपणं केली हे तिलाही माहीत नव्हतं, पण जी केली नाहीत ती मोजून ठेवली होती. आडवं मूल हाताला लागलं की 'हे माझ्या हातचं न्हाई, गाडी जुपा' म्हणायची, आणि बैलगाडीत बाईबरोबर स्वतः बसून दहिवडीपर्यंत जायची. अशा बारा जणी. त्या बाराही घरी परत आल्या, असं सून म्हणाली. 108 ची गाडी यायला लागली तेव्हा आजी म्हणाली होती, "ही आधी आली असती तर माझी कंबर गेली नसती."

शेवटची आंघोळ घालताना गावातल्या बाया आल्या होत्या. वरच्या आळीतल्याही. प्रत्येकीला एक तांब्या ओतायचा होता. पाणी संपलं, पुन्हा तापवावं लागलं.

आई, तुला विचारायचं आहे ते हे. आपल्या मागच्या पडवीत, वळचणीला, एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा. मी लहान असताना तो खेळायला काढला तर आजीने माझ्या हातावर मारलं होतं. सुईण आजी आली की तो कप खाली यायचा. ती स्वतः धुवायची, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झाला की पुन्हा स्वतःच धुऊन वर खोचायची. पाचवीच्या दिवशी मला मांडीवर घेऊन न्हाऊ घालायची ती, आणि मग तो कप. आजी गेल्यावरही तो कप तिथेच होता, आई. तेव्हा घर तुझ्या हातात होतं.

परवा त्यांच्या घरी मला चहा दिला, तो चांगल्या कपात, काठाला सोनेरी रेघ असलेल्या. बशीतली बिस्किटं सुनेने नवा पुडा फोडून काढली. मी तो चहा कसा प्यायले ते माझं मला माहीत. पत्रा सरकलाय म्हणून पडवीत चढले तेव्हा वळचणही बघितली. कप नाही. कधी काढलास?

हे तू फोनवर सांगितलंस तरी चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल.

यादी संपली म्हणून पारावर येऊन बसले, तेव्हा कळलं की पाचवा पण गेलाय. मुका. श्रावणात गेला. त्याचा फ्लेक्स नाही, कारण फोटोच नाही. तुम्हाला कुणी कळवलंही नाही, म्हणून यादीत नव्हता.

आपण त्याला मुका म्हणायचो ते त्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच बरं. सगळ्या गावाची गुरं एकटा राखायचा. सकाळी शिट्टी घातली की गोठ्यातून गुरं सुटायची आणि दिवेलागणीला आपापल्या दारात वळायची. त्याला स्वतःला शिट्टी ऐकू येत नव्हती, पण कधी चुकली नाही. आमची कालवड एकदा दुसऱ्याच्या दावणीला गेली तर रात्री कंदील घेऊन आला होता आणि तिच्या कानामागचा पांढरा ठिपका बोटाने दाखवून भांडत होता. 2013 ला चाऱ्यावाचून गावाची जनावरं म्हसवडच्या छावणीत नेली तेव्हा हा त्यांच्या मागे चालत गेला. कुणी पाठवलं नव्हतं. पाऊस पडून जनावरं परत येईपर्यंत तिथेच राहिला.

आम्ही पोरं त्याला खडे मारायचो. मीही मारलेत.

मेल्यावर खरी पंचाईत झाली ती नोंदीची. 21 दिवसांत ग्रामपंचायतीत नोंद घालायची तर नाव काय लिहायचं? कुणाला माहीत नव्हतं. शेवटी मतदार यादी काढली, तीत सापडलं. दर निवडणुकीला रांगेत उभा राहून मत देत होता म्हणे. पारावर मला ते नाव सांगितलं तर मी म्हटलं, हा कोण?

गुरं आता गावात उरली नाहीत. ज्याच्या त्याच्या गोठ्यात दोन जर्सी, त्या बाहेर सोडत नाहीत. पण गुराख्याला घरटी पाळीने भाकरी द्यायची रीत होती ना, ती चालूच राहिली. राखायला गुरं नाहीत तरी भाकरी चालू. आपली पाळी सोमवारची. मी शेजारच्या काकूंना विचारलं, की आई-अण्णा पुण्याला गेले त्याला आठ वर्षं झाली, मग सोमवारी तो काय खायचा?

काकू शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "मंगळवार माजा हुताच. सोमवारी तवा तापलेलाच असतुया की." आणि सूप माझ्याकडे सरकवलं, फोड म्हणून.

दोन पायली शाळू काढून दिला तर घेतला नाही. मग गुपचूप त्यांच्या कणगीपाशी ठेवून आले, आता सांगू नका. किल्ली त्यांच्याकडेच आहे. पत्रा बसवायला सुतार सोमवारी येतो म्हणालाय, त्याचे पैसे मी दिले. अण्णा, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका. आई, तुझ्यासाठी शेंगा पाठवते आहे, दादा शनिवारी साताऱ्याला येईल तेव्हा त्याच्याबरोबर.

तुमची,
ताई