जॉर्जेट हेयर वाचायची तर सुरुवात कुठून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याकडे तलवारी, फितुरी आणि शेवटी हळहळ ठरलेलीच. इतिहास चोख, प्रेमकथा रंगलेली आणि वर पानोपानी हसू, असं काही हवं असेल तर इंग्रजीत जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या बाईंना तोड नाही. पण त्यांची शिफारस करणारे नुसतं नाव सांगून मोकळे होतात. मग नवा वाचक हाताला लागेल ते पुस्तक उचलतो आणि पन्नासाव्या पानावर कंटाळून ठेवून देतो. म्हणून थोडं तपशिलात लिहितो.

हेयरच्या बहुतेक गाजलेल्या कादंबऱ्या ‘रीजन्सी’तल्या. राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे राज्य करण्यास असमर्थ ठरला आणि १८११ ते १८२० युवराजाने कारभार पाहिला, तो हा काळ. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन याच काळात लिहीत होती, पण तिचे वाचक तिच्याच काळातले, त्यामुळे घोडागाडी कशी असते किंवा नाचाला कोणाला बोलावतात हे तिला सांगावं लागलं नाही. हेयर सव्वाशे-दीडशे वर्षांनी लिहीत होत्या. गळपट्ट्याची गाठ, गाडीचे घोडे, जेवणातले पदार्थ हे सगळं त्यांनी धुंडाळून कथेत पेरलं. ऑस्टिन वाचताना अडखळलेल्यांना हेयर आधी वाचल्याचा फायदाच होतो.

सुरुवात ‘कोटिलियन’ने (१९५३) करावी. एक कंजूष म्हातारा जाहीर करतो की आपल्या चुलत नातवांपैकी एकाशी लग्न केलं तरच पोरक्या किटीला इस्टेट मिळेल. किटीला एकदा लंडन बघायचंय, शिवाय मनात भरलेल्या देखण्या जॅकला जरा जळवायचंय. म्हणून ती फ्रेडीला खोट्या वाङ्निश्चयाला तयार करते. फ्रेडी म्हणजे कपड्यांचा दर्दी, डोक्याने बेताचा, असं सगळ्या घराचं मत. लॉर्ड एल्गिनने ग्रीसहून आणलेली शिल्पं बघायला तो किटीबरोबर जातो आणि त्यांना डोकीच नाहीत म्हणून वैतागतो. हेयरचा विनोद असा स्वभावातून येतो, ओढूनताणून केलेली कोटी सहसा सापडत नाही. शिवाय रुबाबदार, तुसड्या नायकाच्या ठरलेल्या साच्याची बाईंनी इथे स्वतःच मजा घेतली आहे.

त्यानंतर ‘फ्रेडेरिका’ (१९६५). धाकटी भावंडं सांभाळणारी नायिका, आळसावलेला सरदार, आणि लंडनच्या ग्रीन पार्कात गाई उधळवून लावणारा एक गावठी कुत्रा, ज्याला चक्क ‘बलुचिस्तान हाउंड’ म्हणून खपवलं जातं. तो प्रसंग बसमध्ये वाचू नये, लोक बघतात.

‘द ग्रँड सोफी’ (१९५०) अतिशय लोकप्रिय, तरी मी ती तिसरी ठेवीन. त्यातल्या ज्यू सावकाराचं चित्रण उघड द्वेषाचं आहे. ते आधीच माहीत असलेलं बरं. नायिका नायकाच्या सख्ख्या मामाची मुलगी, यावर तिकडचे वाचक नाक मुरडतात. आपल्याकडे कोणी भुवईही उचलणार नाही!

नवा वाचक गळतो तो बहुधा नावांमुळे. ‘फ्रेडेरिका’चा नायक आडनावाने डॉन्ट्री, घरच्यांसाठी व्हर्नन आणि बाहेर सरदारकीच्या किताबाने मार्क्विस ऑफ अल्व्हरस्टोक. माणूस एकच. पहिली चार प्रकरणं एक चिठ्ठी जवळ ठेवून नावं आणि नाती टिपावीत, पुढे तिची गरज पडत नाही. त्या काळच्या शहरी बोलीतले शब्द एकेक करून कोशात शोधत बसू नये, संदर्भाने कळतात. पैशाचं तेवढं लक्षात ठेवावं: वीस शिलिंगांचा पौंड, एकवीसची गिनी, आणि पैजेच्या भाषेत ‘पोनी’ म्हणजे २५ पौंड, ‘मंकी’ म्हणजे ५००.

पळून जाणारी जोडपी सारखी स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनलाच का निघतात, हेही पुष्कळांना कळत नाही. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांना परवान्यावर लग्न करायचं तर पालकांची संमती लागे. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता आणि ग्रेटना अगदी सीमेवर. हे ठाऊक असलं की पाठलागाची निम्मी गंमत वाढते.

चार पुस्तकं मात्र क्रमानेच वाचावीत: ‘दीज ओल्ड शेड्स’ (१९२६), ‘डेव्हिल्स कब’ (१९३२), ‘रीजन्सी बक’ (१९३५) आणि ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (१९३७). पहिल्या तिन्हींतली माणसं किंवा त्यांची पुढची पिढी शेवटच्यात येते. हे शेवटचं हलकंफुलकं समजून घेऊ नका. त्याचा उत्तरार्ध वॉटर्लूच्या लढाईने व्यापला आहे. तिथला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. मराठी वाचकाला तो अनोळखी नाही.

तसं पाहिलं तर रीजन्सीच्याच दशकात इकडे पुण्यात पेशवाई बुडाली, पण या दिवाणखान्यांत त्याची कुणकुणही नाही. ‘ब्लॅक शीप’चा (१९६६) नायक हिंदुस्थानात गडगंज पैसा करून येतो. तो कसा केला, हे पुस्तक फारसं विचारत नाही. आपण विचारावं.

‘द अननोन एजॅक्स’ (१९५९) फार छान, पण नायक मुद्दाम यॉर्कशरची बोली बोलतो, म्हणून चार-पाच पुस्तकं झाल्यावर घ्यावी. ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१) पैशासाठी केलेल्या लग्नाची शांत कथा आहे. हसायला म्हणून घेतली तर निराशा होईल, एरवी हेयरची सर्वांत प्रौढ कादंबरी तीच.

जुन्या प्रती पदपथावरच्या पुस्तकवाल्यांकडे अजून मिळतात. एकच कादंबरी अनेक मुखपृष्ठांखाली निघाली आहे, तेव्हा चित्र न बघता आतलं शीर्षकपान बघावं, नाहीतर घरी तीच दोनदा येते. आणि डिंकाने चिकटवलेल्या जुन्या पेपरबॅकची शेवटची पानं जागेवर आहेत ना, हे पैसे देण्याआधी तपासावं. लग्न कोणाशी होतं ते तिथेच असतं.

आपला,
एक वाचक, पुणे