गोल्फचे आयर्न मापून विका, गवतावर मारून बघू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर गोल्फ क्वचितच येतो, आणि येतो तेव्हा बक्षिसाच्या रकमेमुळे नाहीतर कोर्सच्या जमिनीच्या वादामुळे. माझं पत्र या दोन्हींबद्दल नाही. आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्यांचा, नवा संच घ्यायला दुकानात गेलेल्या साध्या खेळाडूला जे अनुभवावं लागतं, त्याबद्दल लिहिते आहे. लाखाच्या घरात जाणारी ही वस्तू आपल्याकडे अजूनही कंपनीचं नाव, ग्रिपचा रंग आणि समोरचं गिऱ्हाईक बाई आहे की पुरुष, एवढ्यावर विकली जाते. माप कुणी घेत नाही. हे थांबलं पाहिजे.

मी चिंचवडला राहते. एका फोर्जिंग कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले. मायक्रोमीटर, व्हर्निअर, बेव्हल प्रोट्रॅक्टर ही माझी रोजची हत्यारं होती. ड्रॉइंगवर माप आणि टॉलरन्स (चालेल एवढा फरक) नसेल तो नग पुढे सोडायचा नाही, हा आमच्या विभागाचा नियम होता. गोल्फ मी पन्नाशीत शिकले, पण खेळते मनापासून. जुन्या आयर्नचे ग्रूव्ह (चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या खाचा) झिजले, ग्रिप दगडासारखे झाले, म्हणून यंदा नवा संच घ्यायचं ठरवलं.

दुकानात विक्रेत्याने माझी उंची विचारली नाही. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजणं तर लांबच राहिलं. आत आवाज दिला, "मॅडमसाठी लेडीज सेट काढ रे." फिकट जांभळ्या ग्रिपचा, एल (लेडीज) शाफ्टचा, म्हणजे मऊ दांड्याचा, संच आला. माझी उंची पाच फूट एक इंच. माझ्याबरोबर आलेली मैत्रीण पाच फूट आठ इंच. तिने स्वतःसाठी विचारलं, तर तिच्याही हातात तोच संच ठेवला. आम्हा दोघींच्या उंचीत सात इंचांचा फरक आहे, ती सावकाश झोका घेते, मी तरुणपणी कारखान्याच्या संघातून बॅडमिंटन खेळलेली असल्याने माझं मनगट वेगाने फिरतं. दोघींना एकच लांबी, एकच शाफ्ट, एकच कोन. का, तर दोघी बायका. त्याच वेळी शेजारी माझ्याच उंचीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांना पाच फूट दहाच्या माणसाला शोभेल असा 'जेन्ट्स' संच दाखवणं चाललं होतं.

मग जाळीपुढे मॅटवर सात नंबरचा आयर्न मारून बघितला. पडद्यावर आकडा आला आणि विक्रेता म्हणाला, "बघा, जुन्यापेक्षा पंधरा यार्ड जास्त!" मी लॉफ्ट, म्हणजे आयर्नचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) किती मागे कललेला आहे तो कोन, विचारला. त्याला फोनवर शोधावा लागला: २९ अंश. माझ्या जुन्या साताचा लॉफ्ट मी घरी मोजलेला आहे, तो ३४ अंश आहे. म्हणजे पाच अंशांनी उभा चेहरा माझ्या हातात दिला होता. जुन्या हिशोबाने तो साधारण साडेपाच नंबर झाला. चेंडू लांब जाणारच. यात कंपनीची बाजूही आहे, ती मला मान्य आहे. आयर्नच्या डोक्याचं वजन खाली आणि मागे नेलं की चेंडू सहज वर चढतो, म्हणून लॉफ्ट थोडा कमी करायला वाव मिळतो. पण ज्याचा झोका मंद आहे त्याचा चेंडू एवढ्या उभ्या चेहऱ्याने खालून जातो आणि ग्रीनवर (छिद्राभोवतालच्या बारीक गवतावर) पडला की थांबत नाही, पलीकडे उतरतो. आयर्न काही चेंडू दूर फेकण्याचं हत्यार नाही, ठरलेल्या अंतरावर थांबवण्याचं आहे. पडद्यावर चेंडू कोणत्या कोनात खाली उतरला हाही आकडा होता, त्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

तपासणी विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला सर्वांत जास्त खटकावं ते इथे आहे. सात नंबर म्हणजे किती अंश, याला जगात कुठेही प्रमाण नाही. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था गोल्फचे नियम करतात. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब (काठ्या) नकोत, ग्रूव्ह किती रुंद आणि त्यांच्या कडा किती धारदार असाव्यात, चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको, इतकं बारीक त्यांनी ठरवलंय. पण आयर्नवर कोरलेल्या आकड्याचा अर्थ त्यांनी कंपनीवर सोडला आहे. शाफ्टच्या कडकपणाचंही तेच. मऊपासून कडकपर्यंतची एल, ए, आर, एस ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपापल्या फूटपट्टीने लावते. एकीचा आर दुसरीच्या एसएवढा कडक निघू शकतो. अक्षरावर आणि आकड्यावर भरवसा ठेवून खरेदी करता येत नाही, म्हणूनच प्रत्यक्ष मारून आणि मोजून बघण्याला पर्याय नाही.

आता लायबद्दल, कारण ते कुणी समजावून सांगत नाही. आयर्नचा तळ जमिनीवर सपाट टेकवला की शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो, तो लाय. सात नंबरला तो साधारण ६२ अंश असतो. बुटक्या माणसाच्या हातात लांब क्लब दिला की पुढचं टोक, म्हणजे टो, हवेत उचललं जातं आणि टाच (शाफ्टकडचा भाग) आधी जमिनीला भिडते. चेहरा डावीकडे वळतो, चेंडू डावीकडे जातो. उंच माणसाचं उलट होतं: टो रुततो, चेंडू उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितकी दिशेची चूक मोठी, म्हणजे नेमका वेज, ज्याने झेंड्याजवळ चेंडू टाकायचा, तोच सर्वांत जास्त फसवतो. खेळाडू वर्षानुवर्षं स्वतःच्या झोक्याला दोष देत राहतो, शिकवणीचे पैसे भरत राहतो. दोष मात्र लोखंडात असतो.

एका ओळखीच्या सदस्याने आपला नवा जेन्ट्स संच मला मारून बघायला दिला, तो घेऊन मी येरवड्याच्या कोर्सवर गेले. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर एक जाड उभी रेघ ओढायची, ती रेघ क्लबच्या चेहऱ्यासमोर येईल असा चेंडू ठेवायचा आणि मारायचा. रेघेचा ठसा चेहऱ्यावर उमटतो. लाय बरोबर असेल तर ठसा ग्रूव्हना काटकोनात येतो. माझा ठसा वरच्या बाजूला टो-कडे झुकलेला होता, प्रत्येक वेळी तसाच. माझ्याबरोबरच्या कॅडींनी, म्हणजे बॅग उचलणाऱ्या गृहस्थांनी, ठसा बघितलासुद्धा नाही. ते वयाने माझ्याएवढे, आयुष्यभर याच गवतावर चाललेले. वाकून त्यांनी डिव्हटमध्ये (फटक्याने गवत उखडून पडलेल्या खड्ड्यात) बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, टाचेकडून खोल कापलंय, पुढे नुसतं खरवडलंय. हा क्लब तुमच्या मापाचा नाही." घरी येऊन मी प्रोट्रॅक्टर लावला. सात नंबर छापील मापाला बरोबर होता, पण आठ नंबरचा लाय एक अंश जास्त उभा निघाला. कारखान्यातल्या टॉलरन्समध्ये एक अंश बसतो, हे मला मान्य आहे. पण मग तो विकण्याआधी दुकानात तपासून सरळ करून द्यायला काय हरकत आहे?

कॅडींचं ते बोट दुकानातल्या मॅटवर काहीच सांगू शकलं नसतं. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे दोन इंच पडला तरी तळ घसरून पुढे जातो आणि फटका छान बसल्यासारखा वाटतो. टाच रुतत नाही, त्यामुळे डोकं वळत नाही. शिवाय आपल्या पुण्याची काळी माती मे महिन्यात फरशीसारखी कडक असते आणि जुलैत लोण्यासारखी मऊ. कडक जमिनीवर जाड तळाचा आयर्न उसळतो, ओल्या मातीत बारीक तळाचा रुतून बसतो. कुठला तळ आपल्याला चालेल हे गवतावर आणि मातीवरच कळतं. मी विक्रेत्याला तशी विनंती केली होती. "प्लॅस्टिक काढलं की सेट नवा राहत नाही," असं उत्तर मिळालं. व्यापाऱ्याची अडचण मी समजू शकते. पण त्यासाठी प्रत्येक मॉडेलचा एक डेमो संच ठेवता येतो. संपूर्ण संच, नुसता सात नंबर नव्हे. अनामत रक्कम घेऊन दोन दिवस द्यावा. गिऱ्हाईक परत येईल.

हे सगळं फार परदेशी लाड आहेत असं कुणाला वाटत असेल तर कार्स्टन सोल्हाइम यांची गोष्ट सांगते. नॉर्वेत १९११ साली जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले. वडिलांच्या जोडे दुरुस्तीच्या दुकानात काम केलं, नंतर जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाले. गोल्फ उशिरा शिकले, पटिंग (ग्रीनवर चेंडू घरंगळवत छिद्रात घालणं) जमेना, म्हणून १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचा पटर बनवला. चेंडूला लागताना तो 'पिंग' असा वाजला, तेच पुढे कंपनीचं नाव झालं. डोक्याचं वजन मधून काढून कडेला नेलं तर फटका मध्यावर बसला नाही तरी डोकं कमी वळतं, हे त्यांनी आयर्नमध्ये आणलं. आज सर्वसामान्य खेळाडूच्या बॅगेत जे पाठीला खोबण असलेले आयर्न दिसतात ते त्या विचारातून आले. आणि त्यांच्याच कंपनीने उंची व मनगटाच्या मापावरून लाय ठरवून क्लबवर रंगाचा ठिपका लावायची पद्धत रूढ केली. पायाचं माप न घेता चप्पल विकली जात नाही, तसंच हे.

लाय सरळ करणं अवघड काम नाही. डोकं शिकंज्यात धरायचं, मानेला म्हणजे होझलला दांडा लावायचा आणि अंशाअंशाने वाकवायचं. एक मर्यादा मात्र माझ्या धंद्यातली माणसंच सांगतील. नरम कार्बन स्टीलचा घडवलेला आयर्न सहज दोन-तीन अंश वाकतो. १७-४ स्टेनलेसचा ओतीव आयर्न कडक असतो, तो परत उसळतो आणि जास्त जोर केला तर मान तुटू शकते. म्हणून खरेदीच्या आधीच, धातू कोणता हे विचारून, माप ठरवायला हवं. एकदा विकला की दुकानदार हात वर करतो.

सर्वांत वाईट वाटतं ते मुलांबद्दल. ७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळत होती, बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती आणि पदक एका फटक्याने हुकलं. ज्या घरांत कधी गोल्फचं नाव निघालं नव्हतं तिथेही त्या दिवशी टीव्ही लागले होते. तेव्हापासून मुलीला गोल्फला घालावं का, असं विचारणारे आईवडील मला भेटतात. कॅडींची मुलं तर कोर्सच्या कुंपणाशीच वाढतात. या मुलांच्या हाती काय पडतं? वडीलधाऱ्यांचा जुना स्टीलचा आयर्न, वरून करवतीने कापलेला. सात नंबरचं डोकं २७० ग्रॅमच्या आसपास असतं, ते तसंच राहतं. शाफ्ट कापला की आणखी कडक होतो. दर अर्ध्या इंचाला स्विंगवेट (झोका घेताना हाताला जाणवणारं डोक्याचं वजन) तीनेक अंकांनी उतरतो, म्हणजे डोकं कुठे आहे याचा हाताला पत्ता लागत नाही, पण एकूण वजन मात्र नऊ वर्षांच्या मनगटाला पेलत नाही. मूल मग क्लब ओढतं, अंग वाकडं करतं, आणि ती वाकडी सवय पुढे कुणी मोडू शकत नाही. हलक्या ग्रॅफाइटचे मुलांचे क्लब मिळतात, ते दोन वर्षांत आखूडही पडतात. तेव्हा गोल्फ क्लबांनी ते जमा करून पुढच्या मुलाला द्यावेत. यासाठी पैसा फारसा लागत नाही, एक कपाट आणि एक वही लागते.

माझं म्हणाल तर मी शेवटी एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या गृहस्थांनी आधी टेप काढली. घेतलेल्या संचाचं डोकं तथाकथित पुरुषांचंच आहे, लांबी एक इंच कमी, त्यानंतर लाय एक अंश सपाट, शाफ्ट साठ ग्रॅमच्या जवळपासचा ग्रॅफाइट, एलपेक्षा कडक. सात नंबरचा लॉफ्ट ३३ अंश. पडद्यावरच्या पंधरा यार्डांवर मी पाणी सोडलं, पण चेंडू ग्रीनवर पडतो तिथे थांबतो. माझी उंच मैत्रीण अजून शोधते आहे.

क्रीडासाहित्य विक्रेत्यांना माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक आयर्नच्या चिठ्ठीवर लॉफ्ट, लाय, लांबी, शाफ्टचं वजन आणि डोक्याचा धातू छापा, आणि 'लेडीज', 'जेन्ट्स' या शब्दांवर विक्री करणं बंद करा. गोल्फ क्लबांच्या समित्यांनी रेंजवर (सरावाच्या जागी) लाय तपासायचा एक लाय-बोर्ड आणि गवताची एक पट्टी नव्या क्लबच्या चाचणीसाठी राखून ठेवावी. सिडकोने खारघरला सर्वांसाठी खुला कोर्स उभारला, तशा सार्वजनिक कोर्सपासून सुरुवात झाली तर उत्तमच. आणि चाचणीच्या वेळी जुन्याजाणत्या कॅडींना मानधन देऊन शेजारी उभं करावं. डिव्हट वाचण्याचं त्यांचं ज्ञान आज बॅग उचलण्याच्या मजुरीत फुकट जातंय.

कळावे,
आपली एक वाचक,
चिंचवड, पुणे
(नाव व पत्ता पत्रासोबत वेगळा दिला आहे.)