धुळ्याच्या आण्णांस, दगड बदलून झाल्यावर

आदरणीय आण्णा,
सा. न. वि. वि.

माझ्या समुद्री माशांच्या टँकमधला शेवटचा जुना दगड निघाला. फोनवर सांगितलंच होतं, पण फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. मी तोंड उघडलं की लगेच "अमोनिया किती?" असं विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. आपल्या खान्देशात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे मासे आणि प्रवाळ एकत्र पाळायचा टँक, ठेवणारे मोजकेच. तुम्ही मला जे शिकवलं ते त्यांच्याही हाती पडू दे.

आधी त्या पहिल्या फोनचं. जुन्या दगडांवर बबल अल्गीचे हिरवे फुगे माजले होते. एप्टेशिया नावाचा उपद्रवी समुद्री जीव तर असा चिवट, की चिरडला तर उरलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतो. त्यात दगडांची रास मागच्या काचेला भिंतीसारखी लावलेली. मागे पाणी खेळायला जागाच नाही, सगळा गाळ तिथे साचायचा. एका दुकानदाराने उपाय सांगितला: सगळे दगड एका दिवसात बाहेर काढा, मोठ्या पातेल्यात उकळा आणि परत लावा. हे तुमच्या कानावर घातलं, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "दगडावर झोआ आहेत का?" झोआ म्हणजे दगडावर फुलांसारखे पसरणारे प्रवाळाच्या नात्यातले जीव.

होत्या. आणि मग तुम्ही पॅलिटॉक्सिन समजावून सांगितलं. झोआंच्या जातकुळीत, विशेषतः पॅलिथोआत, हे जहर सापडतं. असा दगड उकळला की ते वाफेबरोबर छातीत जातं, घासला तर शिंतोडे डोळ्यात आणि जखमेत. परदेशात असं करून अख्खी कुटुंबं दवाखान्यात भरती झाल्याच्या नोंदी आहेत. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, आणि आईला दमा. तुमच्या त्या एका प्रश्नाचे आभार मी नुसते मानून भागणार नाही, हे मला ठाऊक आहे.

"सगळे एका दिवसात" यावर तुम्ही अहिराणीत उतरलात. "कसाले घाई करी ऱ्हायना भो? दगड म्हणजेच तुना फिल्टर शे." माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. दगडाच्या छिद्राछिद्रांतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. दगड गेले की ते जिवाणूही गेले, अमोनिया मात्र चालूच. शिवाय समुद्री टँकचा पीएच ८.१ ते ८.४, आणि पीएच जितका चढा तितका अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात असतो. गोड्या पाण्यात मासा जे सोसतो, ते इथे सोसत नाही.

मला उन्हाळ्याच्या सुट्टीतच काम उरकायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात. जळगावचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. त्यात लाइट गेली की पाणी थंड ठेवणारा चिलर बंद. "पोळा होऊ दे," म्हणालात. तोवर नवे दगड पिकवायला, म्हणजे त्यांत जिवाणू रुजवायला लावलेत.

दगड कुठला घ्यायचा यावरही आपली खडाजंगी झाली. मालवणहून प्रवाळाचे तुकडे आणून देतो म्हणणारा एक मित्र होता. तुम्ही एका वाक्यात विषय संपवलात: रीफ बांधणारं कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, समुद्रातून उचलणं गुन्हा. मग मी आपल्याच मातीकडे वळलो. जळगावच्या खाणींतले स्टिलबाइट, हेउलंडाइट, अपोफिलाइट हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलेत, आणि त्यातले स्टिलबाइट-हेउलंडाइट म्हणजे झिओलाइट, तो तर अमोनिया धरतो म्हणतात! तुम्ही हसलात. खाऱ्या पाण्यात सोडियम इतका, की झिओलाइटच्या जागा तोच अडवून बसतो, अमोनियाला वाव राहत नाही. काळा बेसाल्टही नको, कारण आतून ठस, जिवाणूंना घर मिळत नाही. शेवटी कारखान्यात बनवलेला सच्छिद्र कोरडा दगड मागवला. (गुलाबी स्टिलबाइट टीव्हीशेजारी ठेवलाय. तिथेच शोभतो.)

निळ्या पिंपात खारं पाणी, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ला, आत एक पंप, वर झाकण, उजेड अजिबात नाही. त्यात तुमच्या संपमधले (मुख्य टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतले) मूठभर जुने दगडाचे तुकडे, जे तुम्ही ओल्या कागदात गुंडाळून एसटीने घेऊन आलात. कंडक्टरने पिशवीत काय म्हणून विचारलं तेव्हा "समुद्र" म्हणून सांगितलंत, हे तुमच्याकडून कितीदाही ऐकायला मी तयार आहे. शेजारच्या काकूंनी पिंप बघून लोणचं घातलंय का विचारलं, तेही इथे लिहून ठेवतो.

पोळ्यानंतर तुम्ही आलात, आणि पिंपातला दगड काढून खरबूज हुंगावं तसा नाकाशी धरलात. कुजका वास नाही, समुद्राचा येतोय, म्हणजे पिकला. तरी अमोनिया-नायट्राइटची तपासणी तुम्ही चुकवली नाहीत. नाकावर विसंबायचं नाही म्हणालात, आणि फॉस्फेटही मोजायला लावलंत, कारण कोरडा दगड कितीतरी दिवस फॉस्फेट सोडत राहतो आणि शेवाळाला तेच हवं असतं.

मग पहिला एक तृतीयांश हिस्सा. हातमोजे, चष्मा. तुम्ही दगडाखाली सायफनची नळी धरलीत आणि मला दगड इंच-इंच उचलायला सांगितलंत. खालच्या वाळूतून तपकिरी ढग उठायचा आणि पसरण्याआधीच नळीत शिरायचा. कोपऱ्यातली जुनी वाळू काळी पडलेली, सडक्या अंड्याचा वास. तिला बोट लावायचं नाही, ते हायड्रोजन सल्फाइड आहे. मी दगड सरळ बाहेर काढायला निघालो तसा तुम्ही माझा हात बादलीवरच थांबवलात. क्षणभराने एका भोकातून फायरफिश मासा टपकन बादलीत पडला. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलंत.

नवे दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवले, म्हणजे माशाने वाळू उकरली तरी कोसळायचे नाहीत. मागच्या काचेपासून हात फिरेल इतकी जागा सोडली. लेदर आणि मशरूम कोरल (मऊ प्रवाळ) जेल गोंदाने चिकटवून दिले. ज्या दगडावर झोआ दाट होत्या तो खरवडला नाही, पाण्याखालून तसाच हलवला. जुन्यातले दोन-तीन स्वच्छ तुकडे संपमध्ये ठेवले, जिवाणूंचा ठेवा म्हणून.

दुसरा आणि तिसरा हिस्सा मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे केला: मध्ये निदान तीन-चार आठवडे, आणि अमोनिया तपासायच्या कुपीचा रंग पिवळा (म्हणजे अमोनिया नाही) राहिल्याशिवाय पुढचा दगड हलवायचा नाही. दुसऱ्या खेपेला किंचित हिरवट झाला होता. तुम्ही रात्री साडेअकराला फोन उचललात, खाणं थांबवायला आणि पाणी बदलायला सांगितलंत, आणि सकाळी पुन्हा तुमचाच फोन. दिवाळीच्या फराळाआधी काम संपलं. एकही मासा गेला नाही.

आता नव्या दगडांवर तपकिरी डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा, थर आलाय. पुसू नको, आपोआप जाईल, हे तुम्ही आधीच बजावलंत, म्हणून पुसत नाहीये. गुलाबी कोरलाइनचा (दगडावर चढणाऱ्या कडक शेवाळाचा) एक ठिपका मात्र दिसतोय, की मलाच तसं वाटतंय, ते फोटो पाहून सांगा.

तुमची लांब सायफन नळी माझ्याकडेच राहिली आहे. पुढच्या रविवारी एसटीने धुळ्याला येतो, बामणोदची भरिताची वांगी घेऊन. काकूंना सांगा, कळण्याच्या भाकरी मात्र त्यांच्याच हातच्या.

तुमचा,
जळगावचा चारफुटी टँकवाला