भाऊसाहेब, शिष्यवृत्ती खात्यात पोचली ती तुमच्या वहीमुळे

आदरणीय भाऊसाहेब,

निकाल लागला की फळ्यावर मुलांची नावं झळकतात, वर्गशिक्षकांचं कौतुक होतं, मुख्याध्यापकांना शाल-श्रीफळ मिळतं. कार्यालयातल्या लिपिकाचं, म्हणजे तुमचं, नाव त्यात कधीच येत नाही. आठवी ते दहावीचे आम्ही सगळे वर्गशिक्षक हे पत्र जाहीरपणे लिहितो आहोत ते म्हणूनच. नुसते आभार मानून भागणार नाही. तुम्ही नेमकं काय करता ते इतर जिल्हा परिषद हायस्कुलांनाही कळलं पाहिजे, म्हणून तपशिलात लिहितो.

पहिला मान एनएमएमएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या आठवीच्या मुलांसाठी असलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेचा. परीक्षेची तयारी आम्ही करून घेतो: बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न, शालेय क्षमता चाचणीचे ९० (विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०), प्रत्येक पेपरला दीड तास. आपल्या राज्याचा कोटा ११,६८२ मुलांचा. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० मिळतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात मुलगी अकरावीला जाणार की नाही, हे या रकमेवर ठरतं. पण निवड यादीत नाव येणं वेगळं आणि पैसे खात्यात पडणं वेगळं. मधली सगळी वाट कागदांची आहे, आणि हुशार मुलं गळतात ती तिथे.

अर्जाची जाहिरात येण्याची वाट तुम्ही पाहत नाही. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५०). सातवीचा निकाल हातात आला की तुम्ही त्यावरून यादी काढता आणि जूनमध्येच पालकांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाठवता: आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेतूत अर्ज, मग तहसीलदारांची सही. पुढे पेरण्या सुरू झाल्या की पालक सापडत नाहीत, आणि ऐन मुदतीत सेतूवर रांग असते. जूनचा आग्रह आम्हालाही आधी घाईचा वाटायचा. आता त्याचं मोल कळतं.

तुमची ती लांब, कापडी पाठीची वही प्रत्येक शाळेत असायला हवी. मुलाच्या नावापुढे सात रकाने: जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या मूळ नोंदवहीतलं) नाव, आधारवरचं मराठी नाव, आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग, पासबुकावरचं स्पेलिंग, जन्मतारीख, आईचं नाव, आणि नोंदवलेला मोबाईल कुणाचा. जिथे जुळत नाही तिथे लाल रेघ. एका ओळीत रजिस्टरला ‘दीपाली’, आधारच्या इंग्रजीत डीनंतर दोन ई आणि पासबुकात डीनंतर एक आय, अशी नोंद आहे. वाचणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटेल, पण शिष्यवृत्तीच्या पोर्टलच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली आहेत.

लाल रेघ दिसली की पालकांना थेट आधार केंद्रावर पिटाळायचं नाही, हा तुमचा नियम आम्ही सगळ्यांना सांगतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईत चुकीची दुरुस्ती झाली तर ती संधी वाया जाते. म्हणून तुम्ही आधी जन्मदाखला मागवता आणि जनरल रजिस्टर बरोबर आहे का ते तपासता. ते बरोबर असेल तर आधार त्याप्रमाणे करून घ्यायचं आणि पासबुक सर्वांत शेवटी. रजिस्टरच चुकलं असेल तर मूल शाळेत असतानाच शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवायचा, कारण दाखला घेऊन मूल बाहेर पडलं की तेच काम कितीतरी किचकट होतं. हा क्रम उलटा झाला की एकाच मुलाची कागदपत्रं दोनदा फिरतात.

बँकेचा घोळ तर जवळजवळ प्रत्येक घरात असतो. पासबुकावर आधार नंबर छापलेला असतो, केवायसी झालेलं असतं, तरी पैसे येत नाहीत, कारण खात्याला आधार नुसतं जोडून चालत नाही, ते एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे सीड झालेलं, म्हणजे पैसे जमा होण्यासाठी त्या खात्याशी नोंदलेलं, असावं लागतं. डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी, रक्कम खाते क्रमांक पाहून येत नाही. आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालं तिथे जाते. वडिलांनी मध्येच दुसऱ्या बँकेत खातं काढून दिलं, तिथल्या फॉर्मवर सीडिंगच्या संमतीची खूण केली, की शिष्यवृत्ती तिकडे वळते आणि घरचे जुन्या पासबुकात नोंदी शोधत बसतात. तुम्ही प्रत्येक मुलाची सीडिंगची स्थिती आधारच्या संकेतस्थळावर पाहता, कोणत्या बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ आहे का हे वहीत टिपता, आणि गरज असेल तरच बँकेचा संमतीचा फॉर्म भरून देता. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, म्हणून पासबुक आणलेल्या प्रत्येकाला शंभर-पन्नास रुपये भरून काढायला सांगता, तेही आता आमच्या लक्षात आलं आहे.

आणि मोबाईल! नेट कॅफेत फॉर्म भरला की पुष्कळदा कॅफेवाल्याचाच नंबर टाकला जातो. त्याच्या मनात काही वाईट नसतं, ओटीपी पटकन मिळावा म्हणून तो तसं करतो. पुढे अर्जात त्रुटी निघाली की निरोप त्याच्या फोनवर जातो, मुलाला पत्ता लागत नाही, आणि मुदत टळते. तुमच्या वहीत म्हणून आई-वडिलांचा नंबर, त्याखाली रिचार्ज बंद पडला तर शेजारच्या काकांचा नंबर.

पोर्टलवर आता आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी, काढावा लागतो, चेहरा दाखवून पडताळणी होते आणि चौदा अंकी क्रमांक मिळतो. आधारवर फोटो पहिलीतल्या मुलीचा आणि कॅमेऱ्यासमोर नववीतली मुलगी, असं असलं की जुळणी अडखळते. त्यातच पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने देणं सक्तीचं आहे. नववी-दहावीची मुलं नेमक्या त्याच वयाची. सतरा वर्षांपर्यंत हे काम फुकट होतं, पण बहुतेक पालकांना ते माहीतच नसतं. तुम्ही जन्मतारखांवरून यादी काढून मुलांना आधीच केंद्रावर पाठवता. आमच्या मते तुमचं सर्वांत दूरदृष्टीचं काम हेच.

शाळेच्या लॉगिनवरची पडताळणीही तुम्ही शेवटच्या तारखेपर्यंत ठेवत नाही. दर शनिवारी आलेले अर्ज पाहता, मुख्याध्यापकांच्या सहीने पुढे जिल्ह्याला पाठवता. शाळेत अडकलेला अर्ज जिल्ह्याला दिसतच नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल इतकं मंद चालतं की एकेका अर्जाला अर्धा-अर्धा तास जातो.

नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं, हे निवड झालेल्या मुलांनाही ठाऊक नसतं. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवं. दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५५. मोठी गळती होते ती दहावीनंतर. मूल नव्या कनिष्ठ महाविद्यालयात जातं, तिथल्या कार्यालयाला हे मूल शिष्यवृत्तीधारक आहे याची कल्पना नसते, मूल सांगत नाही, आणि उरलेले २४,००० रुपये बुडतात. तुम्ही शाळा सोडल्याच्या दाखल्याला पिवळी चिठ्ठी टाचता: ‘एनएमएमएसधारक, नूतनीकरण आपल्या संस्थेमार्फत करावे’, खाली अर्ज क्रमांक, ओटीआर क्रमांक आणि सीड झालेल्या बँकेचं नाव. तळहाताएवढा कागद आहे, पण तो नव्या टेबलावर बोलतो.

दहावीच्या बोर्डाच्या कामात आम्ही प्री-लिस्टवर, म्हणजे मुलांच्या माहितीच्या कच्च्या यादीवर, मुलांच्या सह्या घेत होतो. तुम्ही पालकांच्याही घ्यायला लावल्या, आणि सही करण्याआधी नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि विषय मोठ्याने वाचून दाखवायला लावलंत. मार्कशीट छापून आली की साध्या दुरुस्तीसाठीही विभागीय मंडळाची पायरी चढावी लागते. चित्रकलेच्या गुणांचंही तसंच. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए श्रेणी असेल तर ७, बी असेल तर ५, सी असेल तर ३ गुण दहावीत वाढून मिळतात, पण प्रस्ताव मुदतीत गेला तरच. कपाटात पडून राहिलेली प्रमाणपत्रं तुम्ही शोधून काढलीत आणि ज्यांची हरवली होती त्यांच्या दुसऱ्या प्रतीच्या मागे लागलात.

दिव्यांग मुलांबाबत थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे शिक्षकही कमी पडतात. चाळीस टक्के वा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या भाषेच्या पेपरला चार तास, आणि गणित-विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला आणखी चाळीस मिनिटं. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, आणि त्याची परवानगी परीक्षेआधी आणावी लागते. परीक्षा केंद्रावर ऐन वेळी कुणी देत नाही. तुम्ही दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत आठवीतच पाहता. लेखनिक नववीतून निवडून त्याला त्या मुलासोबत सराव परीक्षेला बसवा, हे आम्हाला तुम्हीच सुचवलंत. दोघांची लय जुळली नाही तर जादा वेळ नुसता पुन्हा पुन्हा सांगण्यात जातो. कुणाला कोणती आकृती तोंडी कशी सांगायची हे सरावातच कळतं.

नापास झालेल्या मुलांना निकालाच्या दिवशी तुम्ही टेबलासमोर खुर्ची देता. गणितात २८ आणि विज्ञानात ४३ असतील तर मूल त्या गटात उत्तीर्ण आहे, कारण दोन्ही मिळून ७० हवेत आणि प्रत्येकात किमान २५. तिन्ही भाषांना मिळून १०५. घरी हे कुणाला माहीत नसतं, आणि गणिताचे अठ्ठावीस पाहून रडारड होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो, जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. हे त्याच दिवशी, त्याच खोलीत सांगितलं जातं म्हणून मूल दुसऱ्या दिवशी कामाला जाण्याऐवजी शाळेत येतं.

एसटीच्या पासचं काम छोटं, पण दररोजचं. मुलींना पास मोफत, मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश. शाळेतूनच आगाराला यादी गेल्यामुळे वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांचा जूनमधला पहिला आठवडा वाचला.

अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५-२६ पासून सगळ्या राज्याला लागू झाली, तेव्हा आपल्यासारख्या गावांना ती नवीनच होती. भाग एकमध्ये वैयक्तिक माहिती, भाग दोनमध्ये एक ते दहा पसंतीक्रम. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर ऐकीव नावाचं नव्हे, तर रोज एसटीने जाऊन-येऊन करता येईल असंच महाविद्यालय टाका, हा तुमचा सल्ला आम्ही आता पालक सभेत लेखी देतो.

भाऊसाहेब, तुमच्या वहीचे रकाने आम्ही जसेच्या तसे आखून घेतले आहेत आणि आपल्या केंद्रातल्या (शाळासमूहातल्या) इतर शाळांना द्यायची तुमची परवानगी मागतो. नववीच्या ज्या मुलांना दिवाळीपर्यंत पंधरा पूर्ण होतात त्यांची नावं वेगळी काढली आहेत. आधार केंद्रावर कोणत्या दिवशी पाठवायचं ते सांगा, पालकांना निरोप आम्ही देतो. सातवीच्या निकालपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

मनापासून आभार.

आपले,
आठवी, नववी व दहावीचे सर्व वर्गशिक्षक